खिळ्यावरचं टमरेल

त्या दिवशी भांडण टमरेलावरून झालं. तसं ते रोजच व्हायचं, पण रोज मनातल्या मनात व्हायचं. त्या दिवशी मी ते तोंडाने केलं.

आमच्या गावाबाहेर मिरचीची शेड आहे. पत्र्याची, लांबलचक, दुपारी तापली की आतली माणसं भाजून काढणारी. वाळलेली मिरची पोत्यांनी येते, आम्ही बायका ढिगाभोवती बसून देठ खुडतो आणि बिनदेठाची मिरची पुन्हा पोत्यांनी जाते. ती जाते शेठकडे, शेठकडून शहरातल्या कारखान्यात. तिथे तिची पूड होते आणि कुठल्याशा बड्या कंपनीच्या बाटलीत बसून ती लांबच्या देशात जाते. मुकादमाने एकदा ती बाटली आणून आम्हाला दाखवली होती. बाटलीवर एका बाईचं चित्र होतं. हातात मिरची धरून ती छान हसत होती.

तोफ बाटली निरखून म्हणाली, "हिने अजून डोळ्याला हात लावलेला दिसत नाही."

तोफ म्हणजे आमच्या ढिगावरची सगळ्यात म्हातारी बाई. ती बोलायला लागली की पत्र्यावरची कबुतरं उडतात, म्हणून हे नाव. तिला ते तोंडावर म्हटलं तरी चालतं, उलट आवडतं. तिला एकच माणूस तोफ म्हणत नाही, तो म्हणजे मुकादम. कारण तो तिचा जावई.

आता टमरेलाचं सांगते. शेडला संडास नाही. मागे शेत आहे, ते पडीक होतं तोवर झुडपांचा आडोसा होता. मालकाने ते नांगरून साफ केलं, आता आडोसा म्हणून गुडघाभर उंचीचा एक बांध उरलाय. दाराबाहेरच्या हौदातून पाणी न्यायला सगळ्या शेडमध्ये मिळून एक टमरेल. पत्र्याचं, कडेला पोचा आलेलं. ते मुकादमाच्या टेबलामागे खिळ्याला टांगलेलं असायचं. जिला जायचं तिने ढिगावरून उठायचं, सगळ्यांच्या देखत शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि मुकादमापुढे उभं राहून म्हणायचं, "टमरेल द्या." मग तो तिच्याकडे असं बघायचा की जणू तिने त्याची म्हैस मागितली. ती परत येईपर्यंत दुसरीने उठायचं नाही. टमरेल खिळ्यावर असेल तर वाट मोकळी, नसेल तर धरून बसा.

बायका एकदम उठल्या की मागे गप्पा मारत बसतात आणि काम तुंबतं, असं मुकादमाचं म्हणणं. काम तुंबू नये म्हणून त्याने आम्हाला तुंबवून ठेवलं होतं.

यात सगळ्यात हाल तोफेचे. सासूने जावयापुढे उभं राहून टमरेल कसं मागायचं? ज्याच्यासमोर ती मान वर करून बोलत नाही, ज्याला जेवायला वाढताना 'आणखी थोडं घ्या' एवढंच म्हणते, त्याला हे सांगायचं? ती शेडमध्ये कामाला आल्यापासून एकदाही मागायला गेली नव्हती. सकाळी घरून निघताना जाऊन यायची ते एकदम दिवस मावळल्यावर. मध्ये पाण्याचा घोट नाही. "मी कुलूप लावूनच येते," असं हसून सांगायची. संध्याकाळी उठताना मात्र तिला माझ्या खांद्याचा आधार लागायचा.

तर भांडण. माझ्या धाकट्या जावेला सातवा महिना. दीर माझा लांब इमारतीच्या कामावर गेलेला, घरात सासू आजारी, म्हणून ही पोट सांभाळत शेडमध्ये यायची. देठ खुडायचं काम दोन-तीन महिनेच असतं, मध्ये घरी बसलं की ढिगावरची जागा गेली. आणि पोटुशी बाईला सारखं जावं लागतं, हे मी कुणाला सांगायला नको. पण ती टमरेल मागायची लाज वाटून पाणीच प्यायची नाही. मग तिला जळजळ सुरू झाली, मग ताप आला. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला माझ्यादेखत झाडलं. "दिवसभर पाणी प्यायचं. वाटलं की लगेच जायचं, धरून ठेवायचं नाही. हे विष वर चढलं तर बाळ वेळेआधी येईल आणि मग माझ्याकडे रडत यायचं नाही." घरी आल्यावर दारात चप्पल काढताना जाऊ म्हणाली, "ताई, उद्यापासून पिते हं मी पाणी."

दुसऱ्या दिवशी ती खरंच प्यायली. पहिल्यांदा गेली तेव्हा मुकादमाने टमरेल दिलं. दुसऱ्यांदाही दिलं, पण खिळ्यावरून काढताना सुस्कारा टाकला. तिसऱ्यांदा तिने आधी हाताला तेल चोळलं, फडक्याने पुसलं आणि उठली.

हे तेलाचं समजून घ्या. सगळं जग हात नंतर धुतं, आम्ही आधी धुतो. दिवसभर मिरचीत बरबटलेला हात घेऊन जी बाई तशीच मागे जाते ती पुन्हा जन्मात तसं करत नाही. नुसत्या पाण्याने तिखट जात नाही, पसरतं. आधी तेल, मग फडकं, मग साबण, मग काय ते. तेलाची छोटी बाटली प्रत्येकीने घरून आणायची. नवीन आलेल्या बाईला आम्ही देठ कसे खुडायचे ते मागून शिकवतो, हे आधी.

तर ती टेबलापाशी पोचली. मुकादम फोनमध्ये बघत म्हणाला, "आत्ताच तर गेली होतीस."

जाऊ तशीच उभी. कानाच्या पाळ्या लाल झाल्या तिच्या. मग ती वळली आणि परत येऊन बसली, आणि पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवून म्हणाली, "ताई, ही तुमच्याकडेच ठेवा."

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी ढिगावरून तशीच उठले, मांडीवरचे देठ सगळीकडे उडाले.

"मुकादम, टमरेल काढा."

"तुला जायचंय का?"

"मला तुमचं डोकं भरायचंय त्यात. सातवा महिना चालू आहे तिचा, दिसत नाही का? बाळाला काय सांगू, दोनदा झालंय, आता उद्या?"

"हे बघ बाई, आवाज खाली. नियम माझा नाहीये. शेठचा आहे."

"शेठ सांगतो का कुणी किती वेळा जायचं ते?"

"शेठ सांगतो माल कधी पाहिजे ते. चार दिवसांचं काम दोन दिवसांत मागतो. मी कुठून काढू ते दोन दिवस?"

"आमच्या पोटातून काढता होय?"

मुकादमाने सासूकडे बघितलं. तोफेने मान खाली घालून एकाच मिरचीचा देठ इतक्या वेळा खुडला की मिरचीच उरली नाही. शेवटी त्याने टमरेल काढून टेबलावर आपटलं. मी ते उचललं, जावेच्या हातात दिलं आणि तिच्याबरोबर बांधापर्यंत गेले. परत आल्यावर तो म्हणाला, "उद्यापासून दोन वेळा. ज्यांना परवडत नाही त्यांनी घरी बसावं." मुकादम तसा वाईट माणूस नाही. शेठचा फोन आला की उभा राहून बोलतो, एवढंच. पण भित्र्या माणसाच्या हाताखाली काम करणं हे वाईट माणसाच्या हाताखाली करण्याइतकंच जड जातं.

जावेने त्या दिवसापासून पुन्हा पाणी सोडलं. दोन दिवसांत अंग कोमट लागायला लागलं. मी तिला घरी बस म्हटलं तर म्हणाली, "घरी बसून औषध कुठून आणू?"

अशात बातमी आली. मुकादम सकाळी धापा टाकत आला आणि म्हणाला, "ऐका सगळ्या. कंपनीची मॅडम येणार आहे. अचानक तपासणीला. येत्या बुधवारी."

तोफ माझ्या कानाशी म्हणाली, "बुधवारी अचानक येणार आहे होय! बरं झालं आधी सांगितलं."

मग त्या आठवड्यात शेडमध्ये जे जे आलं ते आम्ही डोळे फाडून बघितलं. पंखे आले. औषधाची पांढरी पेटी आली, तिला कुलूप. पाण्याची निळी टाकी आली, तिला पितळी नळ. दोन गवंडी आले आणि शेडच्या बाजूला चार पत्रे उभे करून त्यांनी दिवसभरात संडास बांधला. आत चकचकीत पांढरं भांडं बसवलं, बाहेर हिरवं दार, दाराला कुलूप, दारावर बाईचं चित्र. मी हरखून जाऊन गवंड्याला विचारलं, "खड्डा कधी खणला हो?"

तो विडी विझवत म्हणाला, "कसला खड्डा? भांडं सिमेंटवर चिकटवलंय. फोटोपुरतं सांगितलंय."

"आणि टाकीत पाणी?"

"टाकी सांगितली होती. पाणी कुणी सांगितलं नाही."

मंगळवारी तालीम झाली. मुकादमाने खुर्ची घेतली, चष्मा नाकावर आणला आणि मॅडम झाला. आम्हाला सांगितलं, काहीही विचारलं तरी एकच म्हणायचं, 'सगळं चांगलं आहे.' जास्त बोलायचं नाही, बोलून घोटाळे होतात.

"इथे पिण्याचं पाणी मिळतं का?" मुकादमाने बारीक आवाजात विचारलं.

"सगळं चांगलं आहे!" आम्ही शाळेतल्या पोरींसारख्या ओरडलो.

"संडास वापरता का?"

"सगळं चांगलं आहे!"

"तुमचा मुकादम कसा आहे?"

इथे जरा वेळ लागला. मग तोफेने सुरुवात केली, खालमानेने, "सगळं चांगलं आहे," आणि बाकीच्या हसू दाबत मागून म्हणाल्या. मुकादम खूश झाला. हातमोजे वाटले आणि बजावलं, मॅडम गेली की मोजून परत. मोजे पुरुषी मापाचे होते. ते घालून मिरची हातात येत होती, पण देठ सापडत नव्हता.

जाता जाता त्याची नजर खिळ्यावर गेली. टमरेल. ते लपवावं म्हटलं तर टेबलाला खण नाही, बाहेर ठेवावं तर मॅडम बाहेरही फिरणार. त्याने जरा विचार केला, कुठून तरी कागदी फुलं आणली, टमरेलात खोचली आणि ते ऐटीत टेबलावर मांडलं. आमच्यातल्या कित्येकींना त्या दिवशी तोंडात फडकं कोंबून बसावं लागलं.

बुधवारी मॅडम आली. मला वाटलं होतं गोरीपान, अंगठ्या घातलेली कुणी असेल. ही तर माझ्याच वयाची, साधी, धुळीने केस पांढरे झालेली. गाडीत पाच तास बसून आली होती. वाटेत झोप येऊ नये म्हणून चहा पीत आली म्हणाली. शेठ तिच्या मागेपुढे. आल्याबरोबर शिंकली, मग हसली, मग पुन्हा शिंकली. मला बरी वाटली बाई.

तिने आमच्यात बसून समजावलं. "शेतातली मिरची बाटलीपर्यंत येते ती एक साखळी आहे. त्यातल्या कुठल्याच माणसाचा अपमान होऊ नये, कुणाच्या जिवाला त्रास होऊ नये, असं आमच्या कंपनीचं धोरण आहे. म्हणून मी बघायला आलेय."

तोफेने मला कोपर मारलं. "धोरण म्हणजे काय गं?"

"जे पाळायचं असतं ते."

"आपल्या जावईबापूंसारखं?"

मॅडम विचारत गेली. पाणी? सगळं चांगलं आहे. सुट्टी? सगळं चांगलं आहे. कुणी ओरडतं का? सगळं चांगलं आहे. तुम्हाला मुलं किती? सगळं चांगलं आहे, म्हणाली एक भाबडी, आणि शेठने खोकला काढला. मॅडमला काहीतरी कळत होतं. पण भिंतीशी बोलून दार कुठे आहे ते कसं समजणार? मग तिने वेगळंच केलं. मुकादमाने दिलेले हातमोजे काढले, बाह्या वर केल्या आणि आमच्या ढिगावर मांडी घालून बसली. म्हणाली, "मला शिकवा." शेठने फोटो काढून घेतले. ती चांगला अर्धा तास खुडत होती, नेटाने, आणि टेबलाकडे बघून म्हणाली, "फुलदाणी छान आहे. जुनी वाटते."

"पिढीजात आहे," शेठ म्हणाला. मुकादमाने घाम पुसला.

आणि मग पाच तासांचा चहा आपलं काम करून गेला. मॅडम उठली. "संडास कुठेय? वापरायला चालेल ना?"

ती हे मुकादमाला नाही, आम्हाला विचारत होती. आम्ही एकमेकींकडे बघितलं. मी शेठकडे बघितलं, शेठने माझ्याकडे. आणि आदल्या दिवशीची तालीम सगळ्यांच्या तोंडून एकदम बाहेर पडली.

"सगळं चांगलं आहे!"

मॅडमने टाकीचा नळ सोडला, हात धुवायला. नळातून एक कोळी निघाला. घाई असल्यामुळे तिने त्याचा विचार केला नाही. किल्ली घेऊन मुकादम धावला, काय करावं ते न कळून त्याने कुलूप उघडलं आणि मॅडम आत गेली.

जाऊ माझा दंड धरून पुटपुटली, "ताई, तेल नाही लावलं तिने."

आणि आतून अशी किंकाळी आली की कबुतरं पहिल्यांदा तोफेशिवाय उडाली.

त्यानंतर मुकादम, शेठ, धोरण सगळं बाजूला राहिलं. तोफ उठली. एवढी वर्षं जावयासमोर दबलेला तिचा आवाज त्या हिरव्या दाराला धडकला. "बाई, हात लावू नकोस कुठे! बाहेर ये! डोळे चोळू नकोस! पोरींनो, ताडपत्री उचला, तेल आणा!" आम्ही ढिगावरची ताडपत्री ओढली, चौघींनी चार टोकं धरून मॅडमला मध्ये घेतलं आणि बांधाकडे पळत सुटलो. ती बिचारी रडत, उड्या मारत, मध्येच 'माफ करा, माफ करा' म्हणत येत होती. माफी कसली मागत होती कुणास ठाऊक. मी बाटलीभर तेल तिच्या हातावर ओतलं. पण पुढे पाणी हवं होतं, आणि पाणी न्यायला भांडं हवं होतं.

तोफ शेडमध्ये परत गेली. ते मी पाहिलं नाही, आत बसलेल्यांनी सांगितलं. ती सरळ टेबलापुढे जाऊन उभी राहिली, पदर न सावरता, आणि म्हणाली, "जावईबापू, टमरेल."

मुकादमाची बोबडी वळली. शेठ म्हणाला, "कसलं टमरेल? इथे तसलं काही नाही."

तोफेने कागदी फुलं उपटली आणि शेठच्या हातात दिली.

ताडपत्रीच्या आत मॅडम बराच वेळ होती. आम्ही चौघी पाठ करून उभ्या. वारा ताडपत्री ओढत होता आणि आम्ही ती ओढून धरत होतो. आतून भरल्या नाकाने आवाज आला, "हे... फुलदाणी आहे ना?"

"हो," मी म्हटलं. "पिढीजात."

मग ती हसायला लागली. रडता रडता हसली, आणि आमचाही आठवडाभराचा बांध फुटला. ती शांत झाल्यावर तिने विचारलं, "तुम्ही रोज इथेच येता?" तेव्हा कुणीही सगळं चांगलं आहे म्हटलं नाही. टमरेलाचं, खिळ्याचं, दोन वेळांचं सगळं ताडपत्रीच्या बाहेरून आम्ही आत सांगितलं. बाई अशा अवस्थेत असली की तिच्याशी खोटं बोलवत नाही.

ती बाहेर आली ती डोळे सुजलेली, पण बदललेली. शेडमध्ये गेली तर शेठ तयारच होता. मॅडम काही बोलायच्या आत त्याने माझ्याकडे बघत मोठ्याने म्हटलं, "ठीक आहे. नाव खराब झालं. कंपनी आता दुसरीकडून माल घेईल. शेड बंद. करा आता घरी बसून आराम."

सगळ्या बायकांचे चेहरे उतरले, जावेने तर पोटावर हात ठेवला. शेठ बोलला ते खोटं नव्हतं. मागे एका गावात तसं झालं होतं. तपासणी झाली, दोष निघाले, कंपनीने हात झटकले आणि त्या गावच्या बायका आता खडी फोडतात.

मी मॅडमसमोर उभी राहिले. "मॅडम, तुम्ही इथून माल घेणं बंद करणार असाल तर आत्ताच सांगा. म्हणजे आम्ही पुन्हा 'सगळं चांगलं आहे' म्हणतो. चांगलं पाठ आहे आम्हाला."

मॅडमला ते लागलं. ती म्हणाली, "बंद करणं सोपं आहे. पण तुमच्या पोटावर पाय देऊन आम्ही हात स्वच्छ करायचे, हे मला नाही जमणार. दुरुस्त करायचं." मग शेठकडे वळली. "का नाही बांधला खरा संडास?"

शेठही आता चिडला होता. "तुमचेच फोन येतात ना? चार दिवसांचा माल दोन दिवसांत, आणि भाव गेल्या वर्षीचाच. मी मुकादमाला दाबतो, मुकादम यांना दाबतो. मला वरून येतं."

"वरून म्हणजे कुणाकडून?"

"कारखान्याला विचारा."

"कारखाना म्हणेल कंपनीकडून," मॅडम म्हणाली. मग हळूच म्हणाली, "ती घाई आमच्याच ऑफिसातून निघते. माझ्या शेजारच्या टेबलावरून."

मुकादम म्हणे वरून, शेठ म्हणे वरून. वरून वरून करत चढत गेलो तर सगळ्यात वर तेलाने माखलेली, डोळे सुजलेली ही एक बाई आणि तिच्या शेजारचं टेबल. मला तिची दया आली आणि रागही आला, दोन्ही खरंच.

सगळे असे अडकलेले असताना माझी जाऊ उठली. शांतपणे हाताला तेल चोळलं, फडक्याने पुसलं, शेडच्या मधून चालत गेली. मॅडम, शेठ सगळ्यांसमोर मुकादमापुढे उभी राहिली.

"मुकादम, टमरेल द्या. त्या दिवशीचं तिसऱ्यांदा जायचं राहिलंय माझं."

मुकादमाने शेठकडे बघितलं. मग मॅडमकडे. मग सासूकडे, आणि सासू त्याच्याकडे मान वर करून बघत होती. तोफेने परत आणून टेबलावर ठेवलेलं टमरेल त्याने दोन्ही हातांनी उचलून तिला दिलं. जावेने ते घेतलं आणि खाली बघितलं. "पाणी?" म्हणाली. तो स्वतः हौदावर जाऊन भरून आला.

मॅडमने ते सगळं उभ्याने पाहिलं. त्या दिवशी ती जायची होती ती गेली नाही, गावात राहिली आणि फोनवर कुणाकुणाशी भांडत राहिली. आमच्या ओसरीवर बसून भांडली, म्हणून मला माहीत. "पुढच्या सगळ्या मालाला दिवस वाढवून द्या, नाहीतर हे चित्रवालं दार मी तिथे आणून टेबलावर ठेवते," असं कुणाला तरी म्हणाली. चहा मात्र तिने घेतला नाही.

पुढे काय झालं ते सांगते, पण फार खूश होऊ नका. खड्डा खणला गेला, खरा. टाकीत पाणी आलं. नळापाशी तेलाची बाटली आणि साबण, ते आता शेडचं. दाराला बाहेरून कुलूप नाही, आतून कडी आहे. माल द्यायचे दिवस वाढवून मिळाले, भाव मात्र 'विचाराधीन' आहे म्हणे. बायकांचा एक आणि पुरुषांचा एक असे दोन संडास ठरले होते. पुरुषांचा अजून 'मंजुरीत' आहे. मागच्या शेताला मालकाने तारेचं कुंपण घातलं, त्यामुळे हमाल आणि मुकादम आमच्याच दारासमोर रांगेला असतात. मॅडमचा नंबर भिंतीवर लिहिलाय. काही झालं की फोन करायचा. आम्ही एकदा केला होता, नुसता, कशी आहेस विचारायला.

जावेचा ताप उतरला. नर्सबाईंनी पोटाला हात लावून मान हलवली, यावेळी बरी मान हलवली. आता ती शेडमध्ये बाटली मांडीशी ठेवते आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा पिते. खिळ्यावर टमरेल नाही. ते तोफेने उचलून आपल्या पाटाशेजारी ठेवलंय, नळ गेला तर असावं म्हणून.

परवाचीच गोष्ट. मुकादम टेबलावरून उठला आणि लगबगीने हिरव्या दाराशी गेला. कडी आतून. परत आला, बसला, पुन्हा उठला. दाराशी जाऊन एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. तोफ देठ खुडत बघत होती. मान खाली न घालता, सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जावईबापू, आत्ताच तर गेला होतात."

आम्ही मिरचीत तोंड घातलं. मुकादम लालबुंद झाला, पण त्याला आता आमच्याशी भांडायला सवड नव्हती. त्याने दारावर हळूच टकटक केली. आत माझी जाऊ होती.

"बाई," तो अजिजीने म्हणाला, "किती वेळ? सगळं ठीक आहे ना आत?"

आतून नळ सुटल्याचा आवाज आला. सावकाश, भरपूर पाणी. आणि मग जावेचा आवाज.

"सगळं चांगलं आहे, मुकादम."